सेवेचे दाखले आणि निवड मंडळ

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आपल्या मुलाने, आणि 2022 पासून तेथील प्रवेश मुलींनाही खुला झाल्यामुळे आता मुलीनेही, दाखल व्हावे अशी आकांक्षा बाळगणारे पालक सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा दाखल्यांची एक जाड फाईल असते. रक्तदान, वृक्षारोपण, ग्रामस्वच्छता, व्यसनमुक्तीची फेरी असे सेवेचे नानाविध पुरावे तीत ओळीने लावलेले असतात आणि ‘सर, एवढे पुरेत ना?’ हा प्रश्न ठरलेला असतो. सांगलीच्या एका विद्यालयात राष्ट्रीय छात्रसेनेचे काम पाहण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि या वाटेने गेलेली बरीच मुले मी जवळून पाहिली. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर लिहून ठेवणे मला कर्तव्य वाटते.

प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा 900 गुणांची असते, पैकी 300 गणिताचे व 600 सामान्य क्षमतेचे. तीत उत्तीर्ण होणाऱ्यास सेवा निवड मंडळापुढे जावे लागते आणि तेथेही 900 गुण असतात. या सर्व हिशेबात समाजसेवेच्या दाखल्यासाठी म्हणून एक गुणही राखून ठेवलेला नाही. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीसाठी मात्र काँग्रेसच्या सदस्याची वा तत्सम शिफारस मिळवावी लागते आणि शालेय जीवनातील उपक्रम अर्जाबरोबरच तोलले जातात. तिकडे स्थायिक झालेल्या आप्तांचा सल्ला जसाच्या तसा इकडे लागू करणारे पालक मला भेटले आहेत. आपल्याकडे उमेदवाराचे सेवाकार्य मंडळापुढे येते ते मुख्यतः पी.आय.क्यू. या माहितीपत्रकातून, जे तो मंडळाच्या आवारात स्वतःच्या हाताने भरतो आणि ज्याच्या आधारे मुलाखत घेणारा अधिकारी त्याला बोलते करतो.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले, तेव्हा अकरावीत शिकणारा माझा एक विद्यार्थी एका शाळेतील निवारा केंद्रात नोंदवहीचे काम करीत होता. कोणत्या खोलीत कोणते कुटुंब, त्यात माणसे किती, रक्तदाबाच्या गोळ्या कोणाच्या भिजल्या, इन्सुलिन कोणाला लागते, कोणाची म्हैस कोणाच्या दावणीला बांधून आली आहे, हा सारा तपशील तो पेन्सिलीने उतरवून घेई, कारण ओलसर कागदावर शाई फुटत असे. आणि रोज सकाळी औषधांची यादी वेगळी काढून वैद्यकीय पथकाच्या स्वाधीन करी. एका वृद्ध गृहस्थांचे नाव दोन खोल्यांत नोंदले गेल्याचे त्याच्याच ध्यानात आले आणि त्यामुळे दुप्पट जाणारी औषधे वेळीच थांबली. या कामाचा दाखला त्याला कोणी दिला नाही, त्यानेही मागितला नाही.

पुढे तो लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला आणि मुलाखतीच्या तयारीसाठी एका खासगी वर्गात गेला. तेथे त्याला सांगण्यात आले की दाखल्यावाचून केलेली सेवा जमेस धरली जात नाही. आणि वर्गानेच तजवीज करून दिलेले काही दाखले त्याच्या माहितीपत्रकाच्या मसुद्यात जाऊन बसले. त्यांत दोन वेळा रक्तदान केल्याचाही उल्लेख होता. मुलाखतीत अधिकाऱ्याने आवाज न चढवता त्याची जन्मतारीख विचारली. आपल्या देशात वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यावाचून रक्त देता येत नाही, आणि हा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्यानंतर वृक्षारोपणाविषयी विचारणा झाली, रोपे कोणती, खड्डे कोणी खणले, उन्हाळ्यात पाणी कोणी घातले; आणि जेव्हा शेवटी पुराचा विषय निघाला, तेव्हा मनाने पुरता खचलेला तो मुलगा ‘आम्ही लोकांना मदत केली’ एवढेच बोलू शकला. नोंदवही, औषधांची यादी, ते वृद्ध गृहस्थ, यांपैकी काहीही त्याच्या ओठांवर आले नाही. परत आल्यावर हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. मंडळ नाकारण्याची कारणे सांगत नाही, म्हणून त्याची निवड याचमुळे हुकली असे मी ठामपणे म्हणणार नाही. परंतु त्याच्यापाशी खरोखर असलेले धन त्या कागदांच्या ढिगाखाली त्याला स्वतःलाच सापडेनासे झाले, याचे दुःख मला आजही होते.

पालकांनी हे जाणून घ्यावे की मंडळात मानसशास्त्रज्ञ, गटकार्यांचा परीक्षक आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे उमेदवारास स्वतंत्रपणे पारखतात आणि अखेरच्या दिवशीच्या परिषदेत त्यांची मते एकत्र येतात. अर्ध्या तासात साठ प्रसंगांवर आपण काय करू हे लिहावयाचे असते, तेव्हा पाठ केलेला परोपकार टिकत नाही. आणि मैदानावर फळी व दोरखंड घेऊन गट अडथळ्यापाशी अडतो, तेव्हा मागे राहिलेल्या सोबत्याला हात देण्यासाठी वळणारा मुलगा सहज ओळखू येतो. सहकार्य, जबाबदारीची जाणीव, समाजात मिसळण्याची वृत्ती हे गुण तेथे प्रत्यक्ष वागण्यातून पाहिले जातात. सेवाकार्याचा खरा लाभ तो हाच, की ज्याने अशी कामे मनापासून केलेली असतात त्याचे हे वागणे अंगवळणी पडलेले असते.

म्हणून माझे सांगणे असे, की अकरावीत असतानाच मुलाने एखादेच काम पत्करावे, मात्र ज्यात त्याच्या गैरहजेरीने कोणाचे तरी अडेल असे: वस्तीतील लहान मुलांना नियमाने गणित शिकवणे, ग्रंथालयाच्या पुस्तकांची देवघेव सांभाळणे, किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात हिशेबाची जबाबदारी घेणे. काम झाल्यावर एका वहीत स्वतः काय केले, काय बिघडले, ते कसे सावरले, हे त्याने आपल्या भाषेत लिहावे. मुलाखतीपूर्वी हीच पाने पुन्हा वाचावीत आणि ‘आम्ही’च्या आड न लपता ‘मी’ काय केले ते सांगावयास शिकावे. न केलेल्या कामाचा दाखला कोणी आग्रहाने दिला, तरी तो फाईलीत लावू नये. या कामासाठी आठवड्यातील एक दुपार पुरेशी आहे. उरलेला वेळ गणिताला द्यावा, कारण लेखी परीक्षेतच जो मागे पडला, त्याला आपली सेवा सांगण्यासाठी मंडळाचे बोलावणेच येत नाही.