दुष्काळनिवारण व कायमची कामे
दुष्काळात दिलेले धान्य त्या दिवसाची भूक भागविते. पाण्याचे काम पुढील पिढ्यांस पोसते. ह्याचा पुरावा जवळच आहे. नांदूरमध्यमेश्वर येथे गोदावरीवरील बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी, तर दारणेचे धरण १९१६ साली पुरे झाले. त्यांच्या कालव्यांमुळे कोपरगावापर्यंतच्या जिरायत रानांत ऊस उभा राहिला. मागोमाग साखरेचे कारखाने, मजुरी व व्यापार आला. परंतु त्याच बंधाऱ्यात पुढे गाळ साचून पाणीसाठा घटला. सारांश, बांधकाम पुरे झाले म्हणजे कर्तव्य सरले असे नव्हे. त्याची निगा हाही खर्चाचाच भाग होय. म्हणून दात्यांनी धान्याबरोबरच गावतळ्यांतील गाळ काढणाऱ्यांच्या मजुरीसाठीही वाटा द्यावा. त्यायोगे आज मजुरास भाकर व उद्या गावास पाणी मिळेल, अशी नम्र विनंती आहे.