गोचिडीचे रहस्य

गुरांच्या कानांत आणि कासेजवळ गोचिडी चिकटलेल्या असतात, हे खेड्यातील लहान मुलालाही ठाऊक असते. गोचीड रक्त पिऊन टपोरी होते आणि गळून पडते. एवढासा हा क्षुद्र जीव! परंतु याच जीवाने एके काळी अमेरिकेतील एका रमणीय खोऱ्यावर मृत्यूची छाया पसरविली होती.

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, रॉकी पर्वताच्या रांगांत, बिटररूट नावाचे खोरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे शेतकऱ्यांची व लाकूडतोड्यांची वस्ती वाढू लागली. वसंत ऋतूत बर्फ वितळले, की डोंगर फुलांनी बहरत. पण त्याच दिवसांत घरोघरी भीती शिरे. धडधाकट माणसास एकाएकी ताप भरे, डोके असह्य दुखे आणि मनगटांवर व घोट्यांवर तांबडे ठिपके उठून सर्वांगावर पसरत. नदीच्या पश्चिम तीरावर तर रोग्यांपैकी बहुतेक जण दगावत. वितळलेल्या बर्फाचे पाणी प्याल्याने हा ताप येतो, असे कित्येकांना वाटे. गोचिडीवर काहींचा संशय होता. पण पुरावा नव्हता.

इ. स. १९०६ मध्ये शिकागो विद्यापीठातील डॉक्टर हॉवर्ड रिकेट्स हे तेथे आले. त्यांनी रोग्याचे रक्त टोचून गिनीपिग या लहान प्राण्यांत तो ताप उत्पन्न केला. मग आजारी गिनीपिगच्या अंगावर एक गोचीड सोडली. तिने रक्त प्याल्यावर तीच गोचीड एका निरोगी गिनीपिगला लावली. काही दिवसांनी तोही तापाने फणफणला. संशयाला पुरावा मिळाला!

रिकेट्स एवढ्यावर थांबले नाहीत. रोगजंतू असलेल्या मादीच्या अंड्यांतून निघालेल्या पिलांतही तो रोग उतरतो, असे त्यांना आढळले. गोचिडीची पिले बिळांत राहणाऱ्या खारींसारख्या लहान वन्य प्राण्यांच्या रक्तावर वाढतात. मोठ्या गोचिडी पहाडी बकऱ्यांना व गुरांना चिकटतात. माणूस रानात गेला, की त्यालाही चावतात. रोगाचे मूळ पाण्यात नव्हते, रानात होते.

पुढे रिकेट्स टायफस तापाच्या संशोधनासाठी मेक्सिकोत गेले. तेथे त्याच तापाने त्यांना गाठले आणि ३ मे १९१० रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९१६ मध्ये टायफसच्या जंतूंच्या कुळास ‘रिकेट्सिया’ हे नाव देण्यात आले. ठिपक्यांच्या तापाचा जंतूही याच कुळातला आहे.

त्यांचे कार्य इतरांनी चालू ठेवले. १९२४ मध्ये डॉक्टर रॉस्को स्पेन्सर यांनी गोचिडी वाटून केलेली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. या संशोधनात प्रयोगशाळेतील काही सेवकांना प्राण गमवावे लागले. आज ती लस वापरात नाही. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रभावी औषधे सापडली. वेळेवर उपचार झाल्यास रोगी बरा होतो. मात्र विलंब झाला, तर हा ताप आजही जीव घेतो.

रिकेट्सिया कुळातील एका जंतूमुळे गोचिडीपासून होणारा ताप भारतात, आपल्या महाराष्ट्रातही, आढळतो. म्हणून रानातून किंवा गोठ्यातून आल्यावर अंग नीट तपासावे. गोचीड दिसल्यास ती बोटांनी चिरडू नये; चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढून काढावी आणि ती जागा साबणाने धुवावी. पुढे ताप आल्यास डॉक्टरांना गोचीड चावल्याचे अवश्य सांगावे. हे एक वाक्य उच्चारता यावे, यासाठी कित्येकांनी आपले आयुष्य वेचले आहे.

स्वाध्याय
१. बिटररूट खोऱ्यातील लोकांना तापाचे कारण काय वाटे?
२. रिकेट्स यांनी गोचिडीविषयीचा संशय कसा सिद्ध केला?
३. कारणे द्या : गोचीड बोटांनी चिरडू नये.