पिनवरून पेठ कळत नाही

सदाशिव, नारायण आणि शनिवार या तिन्ही पेठांचा पिनकोड एकच, ४११०३०. पुण्यात हे पोस्टमनला विचारावं लागत नाही. तरीही एका मासिकाच्या वर्गणीदारांची यादी ज्याने ‘नीट लावून’ दिली, त्याने पत्त्यांचं टेबल फोडताना एकात वर्गणीदार, घर क्रमांक आणि पिन ठेवला, दुसऱ्यात पिन आणि पेठ. मूळ टेबल पुसून टाकलं. दिवाळी अंकाच्या लेबलांसाठी दोन्ही टेबलं जोडली, तर नारायण पेठेतल्या एकेका माणसाची तीन-तीन लेबलं निघाली. घर क्रमांक पेठेगणिक वेगळे, म्हणजे त्यातली दोन भलत्याच दारात जाणारी. निस्तरायला मला बोलावलं.

ओळी तर वाढल्या, मग माहिती गेली कशी, असं संपादकांनी विचारलं. तिन्हींपैकी खरी ओळ कोणती, हेच गेलं होतं. डिस्टिंक्ट लावून भागत नाही, कारण तिन्ही ओळी वेगळ्याच असतात. छापखान्याकडच्या जुन्या एक्सेल फाइलमधून पेठा परत भरल्या. त्यानंतर आलेल्या वर्गणीदारांना मात्र फोन करावे लागले.

कॉड यांनी रिलेशनल मॉडेल १९७० मध्ये मांडलं आणि पुढच्याच वर्षी हीथ यांनी टेबल फोडण्याबद्दलची खात्रीची अट दिली: दोन तुकड्यांत सामाईक राहणाऱ्या कॉलमवरून निदान एका तुकड्यातली ओळ नेमकी ठरली पाहिजे. इथे पिनवरून ना पेठ ठरते, ना वर्गणीदार. पेठेवरून पिन ठरत असेल, तर सामाईक कॉलम पेठ हवा. ‘असेल तर’ म्हणतो, कारण आजच्या यादीत तसं दिसतं एवढ्यावर विसंबू नये. उद्या एखाद्या पसरलेल्या उपनगरात दोन पिन निघाले की संपलं. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली ती टपालाच्या बटवड्यासाठी, आपल्या टेबलांच्या सोयीसाठी नव्हे.

खरं तर एवढ्याशा यादीसाठी पत्ता फोडूच नये, असं माझं मत. फोडायचाच असेल तर मूळ टेबल राहू द्या. तुकडे जोडा आणि मूळ टेबलाशी एक्सेप्ट दोन्ही बाजूंनी चालवा. दोन्ही निकाल रिकामे यायला हवेत. नुसत्या ओळी मोजून थांबू नका. पिन रिकामा असलेल्या ओळी जॉइनमध्ये गळतात, आणि तेवढ्याच खोट्या ओळी दुसरीकडे वाढल्या, तर बेरीज बरोबर येते.