लेखक होण्यापूर्वीचा गॉर्की

मक्सीम गॉर्की हे नाव मराठी वाचकाला प्रामुख्याने ‘आई’ या कादंबरीमुळे परिचित आहे. प्रस्तुत पाठात मात्र त्यांच्या कीर्तीचा विचार करायचा नाही. कादंबरीकार होऊ पाहणारा एक निराधार मुलगा वाचायला आणि पुढे लिहायला कसा शिकला, एवढेच येथे पाहायचे आहे. यासंबंधीची माहिती गॉर्की यांनी आपल्या आत्मचरित्राच्या तीन खंडांत आणि लेखनकला आपण कशी शिकलो हे सांगणाऱ्या १९२८ मधील एका निबंधात नोंदवली आहे. आत्मचरित्र लिहिणारा थोडेफार रंग भरतोच. तरीही या मजकुराचा प्रांजळपणा वाचकाला जाणवल्यावाचून राहत नाही.

त्यांचे मूळ नाव अलेक्सेई पेश्कोव्ह. जन्म १८६८ सालचा, व्होल्गा नदीकाठच्या निझ्नी नोवगोरोद या शहरातला. वडील १८७१ मध्ये पटकीने वारले, आई १८७९ मध्ये गेली. आजोबांचा कापड रंगवण्याचा कारखाना होता, पण तो बुडाला होता. आईच्या मृत्यूनंतर आजोबांनी या अकरा वर्षांच्या नातवाला सांगून टाकले की, तू काही माझ्या गळ्यातले पदक नाहीस. आता जगात जा आणि पोट भर. शाळा तेथेच संपली.

मुलाजवळ शिदोरी होती ती आजीने दिलेली. लेस विणणाऱ्या या आजीला असंख्य कथा आणि गाणी तोंडपाठ होती. अक्षरओळख मात्र आजोबांनी करून दिली, तीही धर्मग्रंथातील स्तोत्रांवरून आणि बऱ्याचदा धाकदपटशाने. एकाच घरातून कथा मिळाली आजीकडून आणि अक्षर मिळाले आजोबांकडून, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे व्होल्गेवरील एका आगबोटीवर भांडी घासण्याचे काम करताना अलेक्सेईला स्मूरी नावाचा आचारी भेटला. सैन्यातून निवृत्त झालेला हा धिप्पाड माणूस एक पेटीभर पुस्तके बाळगून होता. मुलाला कामावरून उठवून तो मोठ्याने वाचायला बसवी. त्यामुळे राहिलेली भांडी इतरांना घासावी लागत आणि ते मुलावर चिडत. पेटीतली बरीच पुस्तके निरस होती. पण बोटीच्या कप्तानाच्या पत्नीकडून गोगोलची ‘तारास बुल्बा’ ही कादंबरी मिळाली, तेव्हा ती ऐकताना या आडदांड आचाऱ्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. छापील शब्द एखाद्याला असा हलवू शकतो, हे मुलाने आपल्या डोळ्यांनी पाहिले.

एका आरेखकाच्या घरी तो नोकर म्हणून राहिला, तेथे वाचन हा गुन्हाच होता. घरातील वृद्ध मालकीण मेणबत्तीची लांबी काडीने मोजून ठेवी. एका रात्री त्याने तांब्याच्या पातेल्यावर चंद्रप्रकाश झेलून तो पानावर पाडण्याचा प्रयत्न केला. उजेड वाढण्याऐवजी कमीच झाला. शेवटी देवाच्या तसबिरीपुढील दिव्याखाली बाकावर उभे राहून त्याने पुस्तक वाचले. आणखी एकदा वाचनाच्या नादात सामोवार, म्हणजे चहाचे पाणी उकळण्याचे भांडे, तापून वितळले. म्हातारीने त्याला ढलप्यांच्या जुडीने झोडपले. डॉक्टरांनी पाठीतून बेचाळीस कुसळे काढली आणि तक्रार नोंदव, असे सुचवले. मुलाने तक्रार केली नाही. त्या मोबदल्यात शेजारच्या बाईकडून पुस्तके आणून वाचण्याची परवानगी तेवढी मालकांकडून मिळवली! अण्णा भाऊ साठे यांच्यासारखे शाळेबाहेर घडलेले लेखक ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या सौद्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

असे अधाशी वाचन करणाऱ्याला बहुधा गोष्टीत पुढे काय होते, एवढ्याचीच उत्सुकता असते. अलेक्सेईच्या वाचनाला वळण मिळाले ते फ्रेंच लेखक फ्लोबेर याच्या एका कथेमुळे. सणाच्या दिवशी गर्दी टाळून तो एका शेडच्या छपरावर जाऊन बसला आणि तेथे त्याने ती वाचली. कथा एका साध्या मोलकरणीची. तिच्या हातून काही पराक्रम घडत नाही, कोणताही अपराधही घडत नाही. अशा स्वयंपाकघरातील बाईचे आयुष्य, तेही रोजच्या वापरातल्या शब्दांत सांगितलेले, आपल्याला इतके व्याकूळ का करते, हे त्याला उमगेना. ओळींच्या मध्ये काही युक्ती दडलेली असावी, अशा समजुतीने त्याने कागद अनेकदा उजेडासमोर धरून पाहिले. ‘कसे लिहिले आहे?’ हा प्रश्न येथे उपस्थित झाला.

विद्यापीठात शिकण्याच्या आशेने अलेक्सेई १८८४ मध्ये कझानला गेला. विद्यापीठाऐवजी वाट्याला आली ती भट्टी. तळघरात चौदा-चौदा तास पीठ मळायचे, पाव भाजायचे. तेथे १८८७ मध्ये मामेभावाचे पत्र आले. आजीला पुरून सात आठवडे लोटले होते. स्वल्पविरामही नसलेल्या त्या त्रोटक पत्रात लिहिले होते की, देवळाच्या पायरीवर भिक्षा मागताना आजी पडली, पाय मोडला आणि जखम चिघळली. तिच्या भिक्षेवर घरातील धडधाकट, तरुण नातवंडे जगत होती, आणि त्यांनी डॉक्टर आणला नव्हता, हे त्याला नंतर समजले. तो रडला नाही. आजी किती मायाळू होती, किती शहाणी होती, हे कोणाला तरी सांगावे, असे मात्र त्याला अनेक दिवस वाटत राहिले. ऐकणारे कोणी मिळाले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, तो वाचला.

पुढे कित्येक वर्षांनी त्याने चेकॉव्ह यांची एक कथा वाचली. मुलाच्या मृत्यूचे दुःख ऐकायला माणूस मिळत नाही, म्हणून एक गाडीवान ते आपल्या घोड्यालाच सांगतो, अशी ती कथा. ती वाचताना त्याला कझानचे दिवस आठवले. आपल्याजवळ तेव्हा घोडा नव्हता, कुत्राही नव्हता. भट्टीत उंदीर मात्र पुष्कळ होते आणि त्यांच्याशी आपले बरे जमतही असे, मग त्यांनाच का सांगितले नाही, अशी खंत त्याने नमूद केली आहे. वाचन, लेखन आणि नातेसंबंध हे विषय अभ्यासासाठी वेगळे करता येतात. या प्रसंगात ते वेगळे करता येत नाहीत.

लेखनाचा आरंभ फसलेलाच होता. १८८९ मध्ये त्याने आपली एक दीर्घ रचना कोरोलेंको या मान्यवर लेखकाला दाखवली. कोरोलेंको यांनी दोष सौम्यपणे, पण नेमके दाखवले. तरुणाने पुन्हा न लिहिण्याचा निश्चय केला आणि सुमारे दोन वर्षे तो पाळला. नंतर दक्षिण रशियात पायी भटकंती करून तो तिफ्लिस, म्हणजे आजच्या तिबिलिसी, येथे पोहोचला. तेथे कल्यूझ्नी या मित्राने त्याच्या तोंडून भटकंतीच्या हकिकती ऐकल्या आणि त्या लिहून काढण्याचा आग्रह धरला. १८९२ मध्ये पहिली कथा तेथील वृत्तपत्रात छापून आली. तिच्याखाली नाव होते ‘गॉर्की’. त्याचा अर्थ ‘कडू’.

तरीही शब्दांचा सोस सुटला नव्हता. समुद्राला हसायला लावणारे एक वाक्य आपण लिहिले आणि ते सुंदर आहे असे दीर्घकाळ मानत राहिलो, अशी थट्टा गॉर्की यांनी पुढे स्वतःच केली आहे. चेकॉव्ह यांनी १८९८ मध्ये त्यांना पत्रातून कळवले की, तुमची प्रतिभा अस्सल आहे, पण संयम नाही. नाटक पाहताना मोठमोठ्याने दाद देऊन स्वतःच्या व इतरांच्या ऐकण्यात व्यत्यय आणणाऱ्या प्रेक्षकासारखे तुमचे होते. विशेषणे कापून टाका, असाही सल्ला त्यांनी दिला. गॉर्की रागावले नाहीत. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेली पहिली कादंबरी ‘फोमा गोर्देयेव्ह’ त्यांनी चेकॉव्ह यांनाच अर्पण केली. त्यावर चेकॉव्ह काय म्हणाले? कादंबरीतील एका स्त्रीला तीन कान आहेत, त्यांपैकी एक हनुवटीवर आहे! लेखकाने तिला प्रकाशासमोर चुकीचे बसवले होते, हे गॉर्की यांना मान्य करावे लागले. भट्टीकामगारांवरील त्यांच्या प्रसिद्ध कथेबाबत टॉलस्टॉय यांनीही असाच आक्षेप घेतला होता : भट्टी चुकीच्या जागी आहे, तिचा उजेड कामगारांच्या चेहऱ्यांवर असा पडणार नाही. स्वतः भट्टीत राबलेल्या लेखकाला हे ऐकावे लागले. सौंदर्याच्या मागे लागल्यामुळे अचूकता हातची गेली, असा निष्कर्ष गॉर्की यांनी काढला आहे.

ही अचूकता वस्तूंपेक्षा माणसांबाबत अधिक अवघड असते. ‘माझे बालपण’ हा आत्मचरित्राचा पहिला खंड १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गॉर्की पंचेचाळिशीचे होते. ज्या आजीविषयी ऐकणारे कोणी मिळाले नव्हते, ती त्याच्या पानापानांवर आहे. आणि आजोबाही आहेत. ते नातवाला शुद्ध हरपेपर्यंत फटके मारतात. नंतर तेच म्हातारे, मुलगा अंथरुणाला खिळलेला असताना, गोड रोटी, सफरचंद आणि मनुका घेऊन येतात, उशाशी बसतात आणि तरुणपणी आपण व्होल्गेच्या काठाने, छातीला दोर लावून, प्रवाहाविरुद्ध नावा कशा ओढल्या, ते सांगू लागतात. घरातले लोक त्यांना बोलावून जातात. पण मुलगा त्यांना जाऊ नका म्हणतो आणि संध्याकाळ होईपर्यंत त्यांचे सांगणे सुरूच राहते.