भग्न मनाला पट्टी बांधणे

शास्त्रपाठ : स्तोत्र ३४:१५-२२, यहेज्केल ३४:१-६, लूक १०:३०-३५



परमेश्वर कोणाच्या जवळ असतो, हे स्तोत्र ३४:१८ मध्ये सांगितले आहे. तेथील ‘भग्नहृदयी’ हा शब्द वाचताच आपल्याला शोक किंवा पश्चात्तापाचे अश्रू आठवतात. मूळ इब्री भाषेत मात्र तेथे ‘शाबर’ हे साधे क्रियापद आहे. मडके फुटणे, काठी मोडणे, हाड मोडणे यांनाही हाच शब्द लागतो. दोनच वचने पुढे, विसाव्या वचनात, हाडांविषयी बोलताना स्तोत्रकर्ता तेच क्रियापद पुन्हा योजतो. हाड मोडलेल्या मुलाला आपण ‘ऊठ, धाव’ असे म्हणत नाही. मग मन मोडलेल्याला का म्हणावे?

आपल्या मंडळीतील एका घराची कल्पना करा. बावीस वर्षांचा मुलगा शिक्षणासाठी दूरच्या शहरी वसतिगृहात राहिला व तेथे त्याला गांजाची सवय लागली. ती सोडून आठ महिने झाले. तरीही त्याला रात्री झोप नाही. लोक आपल्याविषयीच कुजबुजतात असे त्याला वाटते. उपासनेला तो येत नाही. आई मुकाट्याने रडते. वडील विचारतात, “नाद सुटला ना, मग आता काय झाले?” आणि मंडळीतील कोणी म्हणतो, “विश्वास कमी पडतो.”

गांजा सोडल्यानंतर होणारी चिडचिड, निद्रानाश व भूक मंदावणे ही लक्षणे बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत तीव्र असतात व पुढे ओसरतात. महिने लोटल्यावरही संशय, भास किंवा खोल उदासी राहिली, तर तो आळस किंवा बंडखोरी न समजता आजार असू शकतो हे ओळखावे. कोवळ्या वयात व वारंवार गांजा ओढल्याने सायकोसिस या गंभीर मनोविकाराचा धोका वाढतो. उलट, कित्येकांची उदासी किंवा भीती आधीचीच असते आणि ती दडपण्यासाठीच ते गांजाकडे वळतात. आधी काय व नंतर काय, याचा उलगडा मनोविकारतज्ज्ञाने करावयाचा आहे, शेजाऱ्यांनी नव्हे. अशा तरुणाला साहाय्य कसे करावे, हे आपण चांगल्या शोमरोन्याकडून शिकू या.

१. जाब विचारण्याची घाई नको

यरीहोच्या वाटेवर एकटा का निघालास, असे शोमरोन्याने त्या जखमी मनुष्याला विचारले नाही. तो कळवळला व जवळ गेला. याचा अर्थ पापाचे गांभीर्य नाही असा नव्हे. परंतु अर्धमेला मनुष्य उत्तर देण्याच्या स्थितीत नसतो. तरुण स्वतः होऊन बोलेल तेव्हा शांतपणे ऐकावे आणि ऐकलेले आपल्यापाशीच ठेवावे. त्याची कहाणी प्रार्थनेचा विषय म्हणून घरोघरी पोहोचवू नये. तो सावरण्याआधीच उपासनेत उभे करून त्याला सुटकेची साक्ष द्यावयास लावणे, हे तर मोडक्या पायावर ओझे ठेवणे होय.

२. तेल, द्राक्षारस आणि पट्टी

तेल व द्राक्षारस हे त्या काळचे जखमेवरील उपचार होते. आपल्या प्रभूने दाखल्यात त्यांचा उल्लेख निःसंकोचपणे केला. तेव्हा डॉक्टरांकडे जाणे ही अविश्वासाची खूण कशी ठरेल? डॉक्टरांपासून गांजाची गोष्ट लपवू नये, कारण उपचाराची दिशा तिच्यावर अवलंबून असते. तसेच बरे वाटू लागले किंवा प्रार्थनासभा झाली म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, आजार उलटतो. प्रार्थना अवश्य करावी, पण औषधाच्या जागी नव्हे, औषधाच्या जोडीने.

तो जगण्याला कंटाळल्यासारखा बोलू लागला, तर जीव देण्याचे विचार येतात काय, असे त्याला प्रेमाने व स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतही मिळतो.

३. उतारशाळा व परत येण्याचे वचन

शोमरोन्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार दिले. मत्तय २०:२ वरून पाहता ही दोन दिवसांची मजुरी होती. त्याहून मोलाचे होते ते परत येण्याचे वचन. मन सावरण्यास महिने, कधी वर्षे लागतात. एका भेटीने भागत नाही. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्रात रुग्णाबरोबर कुटुंबीयाने राहण्याची पद्धत कित्येक दशकांपासून आहे. कारण घराच्या साथीने उपचार टिकतो. मंडळीनेही अशी उतारशाळा व्हावे. कोणी एकाने दर आठवड्याला त्याच्यासोबत फिरावयास जावे, उपदेश न करता. कोणी डॉक्टरांच्या तारखेस सोबत करावी. कोणी एका रात्री घरी थांबून त्याच्या आईला झोप घेऊ द्यावी. तो पुन्हा गांजाकडे वळला तरी दार बंद करू नये. ती गोष्टही डॉक्टरांना सांगून उपचार पुढे चालू ठेवावा.

यहेज्केल ३४:४ मध्ये इस्राएलाच्या मेंढपाळांवरील आरोपात ‘शाबर’ हे क्रियापद पुन्हा येते आणि त्याच्याशेजारी पट्टी बांधणे या अर्थाचा शब्द येतो. मेंढरू कसे मोडले याची तेथे चौकशी नाही. मोडलेल्याला तुम्ही पट्टी बांधली नाही, हा आरोप आहे. तो आपल्यावर येऊ नये.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणता तरुण बऱ्याच रविवारांपासून दिसला नाही? त्याच्या घरी कोण गेले?

२. मनोविकाराची औषधे घेणाऱ्याविषयी आपण कोणत्या शब्दांत बोलतो?

३. या आठवड्यात आपण कोणाला ‘मी परत येईन’ असे वचन देऊन ते पाळू शकतो?