‘फक्त छाटणी’ म्हणून सुरू झालेलं काम

सोसायटीच्या सभेत झाडाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आपल्या कंपाउंडच्या आतलं झाड आहे, महापालिकेचा काय संबंध?’ आमच्याही सभेत कुणीतरी ते म्हणालं, कुणी हरकत घेतली नाही आणि पुढच्याच रविवारी गेटजवळच्या जुन्या पर्जन्यवृक्षावर करवत चालली. त्या वेळी मी साधी सभासद होते. पुढे कमिटी बदलली, मी सचिव झाले आणि कारणे दाखवा नोटिशीला उत्तर देण्याचं काम माझ्याकडे आलं. नोटीस पदाच्या नावाने येते. निर्णय कुठल्या कमिटीने घेतला होता, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. त्या निमित्ताने कायदा वाचून काढला, उद्यान खात्यातल्या माणसांशी बोलले, आणि झाड तोडण्याआधी काय विचारायला हवं होतं ते सगळं झाड गेल्यावर कळलं. उपनगरांतल्या दुसऱ्या सोसायट्यांवर ही पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

मुंबईच्या वृक्षगणनेत सुमारे 29 लाख 75 हजार झाडं नोंदली गेली आणि त्यांतली 15 लाखांहून अधिक खाजगी आवारांत आहेत. बंगल्यांच्या, चाळींच्या, सोसायट्यांच्या, कारखान्यांच्या कुंपणाआड. म्हणजे या शहराची निम्म्याहून जास्त सावली खाजगी मालकांच्या हातात आहे. कायदा कुंपणाच्या आत येतो तो यासाठी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 सालचा आहे, आणि तो मुंबई-पुण्यापासून लहान नगरपालिकांपर्यंत लागू होतो. कोकणातून आलेल्या आमच्या एका सभासदांचं म्हणणं होतं की कायद्याने राखलेली झाडं ठरावीक जातींची असतात, सागवान, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी. ते गावाकडच्या, 1964 च्या वृक्षतोड कायद्याबद्दल बोलत होते. त्यात जातींची अनुसूची आहे खरी. शहरातल्या कायद्यात तसं नाही. तिथे लाकडी खोडाची कुठलीही बहुवर्षायू वनस्पती म्हणजे झाड, मग ते रोप असलं तरी. परदेशी गुलमोहरालाही तोच नियम आणि भिंतीलगत आपोआप उगवलेल्या सुबाभळीलाही तोच.

त्याहून महत्त्वाची आहे ‘तोडणे’ या शब्दाची व्याख्या. जाळणं, कापणं आणि झाडाला कुठल्याही प्रकारे इजा पोचवणं, हे सगळं कायद्याच्या लेखी तोडणंच आहे. बुंध्याची साल सोलणं, मुळाशी ॲसिड ओतणं, शेंडा उडवणं, गटाराचा चर खणताना मुळं छाटून टाकणं यांतलं काहीही ‘आम्ही झाड तोडलं नाही’ या खुलाशात बसत नाही.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. तक्रारी सगळ्या खऱ्या होत्या. गाड्यांवर कावळ्यांची घाण पडायची, पावसाळ्यात पानांनी गटार तुंबायचं, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या घरात दिवसा दिवा लावावा लागायचा. कंत्राटदार म्हणाला, ‘ट्रिमिंगला परवानगी लागत नाही, साहेब. एका दिवसात मोकळं करून देतो.’ संध्याकाळपर्यंत पानांनी भरलेला सगळा माथा उतरला होता आणि हात तुटलेला बुंधा तेवढा उभा होता. शेजारच्या इमारतीतून कुणीतरी फोटो काढून तक्रार केली. उद्यान खात्याची माणसं आली, पंचनामा झाला. कंत्राटदाराचा फोन लागेनासा झाला. त्याच्या बिलावर लिहिलं होतं, ‘आवार सफाई’.

छाटणीलाही परवानगी लागते. पावसाळ्यापूर्वी महापालिका सोसायट्यांना धोकादायक फांद्या काढून घ्या म्हणून सांगते, तेव्हासुद्धा विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्यात अर्ज देऊन, कुठल्या फांद्या काढायच्या हे पाहणीत ठरवून घ्यायचं असतं. कंत्राटदाराला द्यायच्या कामाच्या पत्रात झाडाचं नाव, जागा, कापायच्या फांद्या आणि परवानगीचा क्रमांक लिहा. ज्याला असं पत्र नको असेल त्याला काम देऊ नका.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते पुढे घडलं त्याचं. काही आठवड्यांत त्या ठोकळ्यातून पालवी फुटली, झाडूसारखे दाट कोंब वर आले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. जगलं म्हणाले. पण शेंडा उडवलेल्या झाडाचं दुखणं आत सुरू होतं. पानंच नसल्यामुळे अन्न तयार होत नाही, साठवलेलं सगळं नव्या कोंबांवर खर्च होतं, मुळं उपाशी राहतात. मोठ्या उघड्या जखमेतून पाणी आणि बुरशी खोडात उतरते. नवे कोंब मूळ फांदीसारखे आतून जोडलेले नसतात, कडेच्या सालीला चिकटून वाढतात, आणि जाड झाले की स्वतःच्याच वजनाने निखळतात. नंतरच्या एका पावसाळ्यात आमच्याकडे असाच एक कोंब दुचाकींच्या पार्किंगवर कोसळला. खाली कुणी नव्हतं हे आमचं नशीब. जे झाड धोकादायक नव्हतं ते छाटणीने धोकादायक झालं, आणि अखेर ते रीतसर परवानगी काढून पाडावं लागलं.

म्हणून छाटणी करताना उभं राहून बघा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर कडी असते. काप तिच्या लगेच बाहेर हवा, म्हणजे झाड स्वतः जखम भरून काढतं. मोठी फांदी आधी खालून थोडी कापून घ्यायची, मग वरून, नाहीतर पडताना ती खोडाची साल ओरबाडत नेते. एका वेळी पर्णसंभाराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त काढू नये. करवत लावण्याआधी घरटी आहेत का पाहा. पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, आणि कायदा नसता तरी पिल्लं असलेली फांदी कापायची नसते.

भीती खोटी असते असं मी म्हणत नाही. जुलै 2017 मध्ये चेंबूरला नारळाचं झाड अंगावर कोसळून एका महिलेचा जीव गेला. ते झाड काढावं अशी रहिवाशांची मागणी आधीपासून होती. आपल्या दारातल्या झाडाकडे बघून पोटात गोळा येतो, तो उगाच नव्हे. पण कायद्यात त्याची वाट आहे. झाड मेलेलं, रोगट किंवा वाऱ्याने उन्मळलेलं असेल, जीविताला वा मालमत्तेला धोका असेल, तर परवानगी नाकारू नये असंच कायदा सांगतो. तो धोका दाखवून देणं आपलं काम. बुंध्यावर भूछत्रं उगवली आहेत का, खोडावर ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, वाळवीची माती चढली आहे का, झाड कललं असेल तर कल नवा आहे की जुना, कलाच्या उलट बाजूची जमीन उचलली गेली आहे का, हे पाहा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा. झाड पडण्याच्या बेतात असेल तर मुंबईत 1916 वर कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

आमच्या मागच्या अंगणात भिंतीवर कललेला एक गुलमोहर होता. त्याच्या वेळी आम्ही सरळ रस्ता धरला. वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज केला, आवाराचा नकाशा, झाडाचे फोटो आणि सर्वसाधारण सभेचा ठराव जोडला. पाहणी झाली, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली, झाडावरही सूचना लागली. समोरच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी हरकत घेतली. आमच्यातले काही चिडले, पण बाईंचं म्हणणं ऐकताना कळलं की भिंतीला तडा गेला होता तो मुळांमुळे नव्हे, पलीकडे खणलेल्या ड्रेनेजच्या खड्ड्यामुळे. भिंत दुरुस्त झाली. गुलमोहराचं खोड मात्र आतून कुजलेलं निघालं आणि तोडण्याची परवानगी मिळाली. त्या सूचनेला अडथळा समजू नका, बाहेरच्या नजरेला आपल्याला न दिसलेलं दिसतं. परवानगी हातात आल्यावरही पंधरा दिवस थांबायचं असतं. आणि अर्जाला उत्तर आलं नाही म्हणून परवानगी मिळाली असं परस्पर धरून कधीही झाड पाडू नका. लेखी घ्या.

विनापरवाना तोडलं तर प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो. 2021 च्या दुरुस्तीनंतर झाडामागे दंड 1 लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर जे प्रकरण आलं ते प्रत्येक गृहसंस्थेच्या अध्यक्षांनी वाचावं असं आहे. ताजमहालाभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात, वृंदावनजवळ, 2024 च्या सप्टेंबरात 454 झाडं रातोरात पाडली गेली होती. बहुतेक झाडं खाजगी जमिनीवरची. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने झाडामागे 1 लाख रुपये दंड कायम केला आणि एवढी झाडं पाडणं मनुष्यहत्येहूनही वाईट आहे, असं मत नोंदवलं. तिथले नियम वेगळे असले तरी खाजगी जमिनीवरच्या झाडाकडे न्यायालय कसं पाहतं ते यातून कळतं. मला ते मत पटतं.

दंड भरून मोकळं होता येत नाही, कारण खरं ओझं भरपाईच्या लागवडीचं आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला प्राचीन वृक्ष मानलं, आणि कुठलंही झाड तोडलं तर त्याचं जेवढं वय तेवढी झाडं लावायची असं ठरवलं. चाळीस वर्षांच्या झाडामागे चाळीस. रोपं सहा ते आठ फूट उंचीची हवीत, त्यांचं जिओ-टॅगिंग व्हायला हवं आणि सात वर्षं निगा राखायला हवी. आता मुंबईतल्या कुठल्या सोसायटीच्या अंगणात चाळीस झाडं मावतात? आमच्या नव्हतीच मावत, मग दुसरी जागा शोधण्यापासून सगळं आलं. तेव्हा तोडण्याचा ठराव करण्यापूर्वी झाडाचं वय काढा. नुसत्या घेरावरून अंदाज करू नका. पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहर झपाट्याने जाड होतात, बकुळ तेवढ्याच काळात मनगटाएवढीच राहते. सोसायटीची जुनी इतिवृत्तं, इमारतीच्या वास्तुशांतीचे फोटो, पहिल्या रहिवाशांच्या आठवणी यांतून वय बऱ्यापैकी जवळ येतं.

आमची पहिली लागवड गेली. पेव्हर ब्लॉक काढून जेमतेम टोपलीएवढे खड्डे केले होते, खाली बांधकामाचा राबिट होता, आणि दिवाळीनंतर पाणी कोण घालणार हे कुणी ठरवलं नव्हतं. लोक जून-जुलैत रोप लावतात, पावसात ते तरारतं, फोटो काढला जातो. रोप मरतं ते मार्च-एप्रिलमध्ये. खड्डा निदान तीन फूट लांब, रुंद आणि खोल हवा, राबिट काढून लाल माती आणि शेणखत भरायला हवं, आधाराला बांबू हवा, बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी हवी. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीसाठी बुंध्याभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, तो सगळ्याच शहरांनी अंगीकारण्यासारखा आहे. अरुंद आवारात ताम्हण, बहावा, बकुळ, सीताअशोक लावा. वड-पिंपळ भिंतीजवळ नकोत, त्यांना मैदान द्या.

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. विकासक म्हणतो, ‘झाडांचं आम्ही बघतो, दुसरीकडे लावून देऊ.’ मोठ्या झाडाचं पुनर्रोपण सोपं नसतं. वड-पिंपळासारखी झाडं नव्या जागी बऱ्याचदा रुजतात, आंबा-फणसासारखी फार कमी. मुळांचा मोठा गोळा मातीसकट उचलावा लागतो, फांद्या हलक्या कराव्या लागतात, आणि नंतर दोन-तीन वर्षं रोजची देखभाल लागते. विकास करारात प्रत्येक झाड क्रमांकाने लिहून घ्या. कुठलं जागेवर राहणार, कुठलं हलवणार, हलवलेलं मेलं तर काय, भरपाईच्या झाडांची सात वर्षांची निगा कोण राखणार आणि त्याचे पैसे कुठून येणार, हे कलमात यायला हवं. जागेवर राहणाऱ्या झाडांभोवती पाया खणण्याआधीच पत्र्याचं कुंपण घालून घ्या, कारण जेसीबीने तोडलेली मुळं कुणाच्या पंचनाम्यात दिसत नाहीत.

आम्ही आता दर मार्चमध्ये अंदाजपत्रकात झाडांसाठी वेगळी रक्कम धरतो. टँकरचं पाणी, माळ्याचा पगार, पावसाळ्यापूर्वीची पाहणी आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं. कमिटी बदलली की झाडांची वहीही नव्या सचिवांच्या ताब्यात जाते. त्यात प्रत्येक झाडाचं नाव, लावल्याची तारीख, परवानग्यांच्या प्रती आणि फोटो आहेत. तुमच्याकडे अशी वही नसेल तर येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत ती घाला, आणि झाडांच्या पहिल्या मोजणीला आवारातली मुलंही सोबत घ्या.