परदेशात घरखर्च कसा बसवायचा? दुबईचं उदाहरण आणि सप्टेंबरचा हिशोब



"सर, दुबईत नोकरी लागली आहे. दोन-तीन वर्षं करतो, भांडवल जमवतो आणि मग स्वतःचं काहीतरी सुरू करतो." हे वाक्य मी सतत ऐकतो. बेत चांगलाच आहे. पण बरेचदा ते भांडवल जमतच नाही. याचं कारण महागाई असं सगळे सांगतात. मला ते अर्धंच कारण वाटतं. आपल्याकडे पगारही महिन्याचा आणि भाडंही महिन्याचं. तिकडे पगार महिन्याचा, पण मोठे खर्च मात्र गठ्ठ्याने येतात. आज हा एकच मुद्दा नीट समजून घेऊ. व्हिडिओत आकडे भराभर जातात, म्हणून इथे सावकाश लिहितोय. वही घेऊन बसा.

दुबईत घरभाडं वर्षाचं ठरतं आणि अजूनही बहुतेक ठिकाणी पुढच्या तारखांचे चेक देऊन भरतात. एक, दोन किंवा चार चेक, जसं मालकाशी ठरेल तसं. समजा, नवरा-बायको आणि एक मूल असं कुटुंब पुण्याहून गेलं. पगार १२,००० दिरहम, भाडं वर्षाला ६०,००० आणि चेक चार. (हिशोब सोपा जावा म्हणून गोल आकडे घेतलेत. तुम्ही तुमचे घाला.) माणूस मनात म्हणतो, महिन्याला ५,००० पडतात, बारातून पाच गेले तरी सात उरले, मजा आहे!

आता चावी हातात येण्याआधी काय द्यावं लागतं ते बघा. पहिला चेक १५,०००. डिपॉझिट साधारण ५ टक्के, म्हणजे ३,०००, आणि फर्निचरवालं घर असेल तर १० टक्के. एजंटचं कमिशन बहुधा ५ टक्के, म्हणजे आणखी ३,०००, आणि त्यावर ५ टक्के व्हॅटचे १५०. मग 'देवा'. हे तिथलं वीज-पाणी खातं. नाव ऐकून हात जोडावेसे वाटतात, आणि बिल आलं की खरंच जोडतो आपण! फ्लॅटसाठी त्यांचं डिपॉझिट २,०००. बेरीज झाली २३,१५०, म्हणजे जवळजवळ दोन पगार. आणि घरात अजून गादीसुद्धा आलेली नाही.

याच देवाच्या बिलात वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी बारा भागांत लावलेली असते. आपल्या उदाहरणात ती महिन्याला २५० दिरहम. घर बघताना अजून एक प्रश्न विचाराच: "चिलर फ्री आहे का?" काही इमारतींत एसीच्या थंडाव्याचं बिल वेगळी कंपनी पाठवते, आणि तिचं डिपॉझिटही वेगळं असतं. भाडं कमी दिसतंय म्हणून उडी मारली की उन्हाळ्यात ते बिल सगळी बचत खाऊन टाकतं. शारजात घर स्वस्त मिळतं हे खरं, पण रोज दुबईला ये-जा करणार असाल तर सालिकचा टोल, पेट्रोल आणि ट्रॅफिकमध्ये गेलेले तास त्याच ओळीत लिहा.

आता वर्षाचं कॅलेंडर मांडू. किराणा, बिलं, प्रवास, मोबाईल, आई-वडिलांना पाठवायचे पैसे हा रोजचा खर्च धरा महिन्याला ६,०००. घर मार्चमध्ये घेतलं, म्हणजे चेक मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरला. दुबईतल्या भारतीय बोर्डाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. फी वर्षाला ९,००० धरली तर तीन टर्ममध्ये ३,०००-३,०००. एप्रिल, सप्टेंबर, जानेवारी. जुलैच्या सुट्टीत गावी जायची तिकिटं ४,५००. बायको-मुलाचा व्हिसा आणि आरोग्य विमा यांचे वर्षाला ३,००० बाजूला ठेवा. दुबईत नोकरदाराचा विमा कंपनी काढते, पण कुटुंबाचा विमा ज्याच्या व्हिसावर ते आहेत त्यालाच काढावा लागतो. हे कित्येकांना तिथे पोचल्यावर कळतं.

गठ्ठ्यांची बेरीज ७६,५००. भागिले बारा, म्हणजे महिन्याला ६,३७५. हातात उरत होते ६,०००. म्हणजे वर्षाला ४,५०० ची तूट, बरोबर गावच्या तिकिटांएवढी! ही तिकिटं मग क्रेडिट कार्डावर जातात आणि लोक म्हणतात, गावाला गेल्यामुळे खर्च झाला. गावाचा काही दोष नाही. भाडंच हजार-दोन हजारांनी जास्त घेतलं गेलंय.

आणि सप्टेंबर बघा. चेक १५,०००, फी ३,०००, रोजचा खर्च ६,०००. एकूण २४,०००, बरोबर दोन पगार. तेही सुट्टीवरून परत आल्या आल्या. २०२२ पासून न वटलेल्या चेकच्या बाबतीत फौजदारी कायदा बराच सौम्य झालाय, पण असा चेक घेऊन मालक थेट अंमलबजावणीच्या कोर्टात जाऊ शकतो. ज्याला पुढे धंदा करायचा आहे त्याने बँकेतली पत अशी घालवायची नसते.

उपाय साधा आहे. दुसरं बँक खातं उघडा, त्याचं कार्ड घरात ठेवा, आणि पगाराच्या दिवशी गठ्ठ्यांचा बारावा हिस्सा तिकडे टाका.

चेक किती द्यायचे? मालक म्हणाला, "एका चेकमध्ये द्या, ५७,००० घेतो." तेव्हा तुम्ही ४२,००० दिरहम सरासरी सहा महिने आधी देऊन ३,००० वाचवता. वर्षाच्या हिशोबाने हा जवळजवळ १४ टक्के परतावा झाला. पैसे पडून असतील तर जरूर घ्या. पण तेच तुमचं एकमेव भांडवल असेल तर मी घेणार नाही, आणि कर्ज काढून तर मुळीच नाही.

रुपयांचं काय? दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की घरी पाठवलेले पैसे जास्त दिसतात. त्या आनंदात जास्त पाठवू नका. कोथिंबिरीची जुडी रुपयात मोजून जीव जाळण्यातही अर्थ नाही. रोजचा खर्च दिरहममध्येच विचारात घ्या. रुपये फक्त भारतातल्या कर्जासाठी आणि बचतीच्या उद्दिष्टासाठी.

आता धंद्याकडे येऊ. या घराचा खरा आकडा ५,०००, ६,००० असा काही नाही. तो आहे १२,३७५. नोकरी सोडलीत की धंद्याने स्वतःचे खर्च भागवून घराला एवढे द्यायला हवेत. सहा महिन्यांची सोय म्हणजे ७४,२५०. हे पैसे धंद्याच्या भांडवलात धरायचे नाहीत. "तोवर बायको घरून डबे करेल" हे मी खूप ऐकतो. परवान्याशिवाय घरातून अन्न विकणं तिथे बेकायदेशीर आहे; परवान्याचा खर्च आधी मांडा. शिवाय नोकरी गेली की व्हिसा बदलावा लागतो आणि त्याच व्हिसावर घरचे आलेले असतात, म्हणून तो खर्चही याच यादीत.

"पण ग्रॅच्युइटी मिळेल ना, सर?" मिळेल. आपल्याला तिथे पीएफ नसतो, ग्रॅच्युइटी असते. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार. मात्र तो मूळ पगार. १२,००० मध्ये मूळ ६,००० असेल तर दिवसाचे २०० आणि तीन वर्षांचे १२,६००. त्यात घरभाड्याचा एक चेकसुद्धा निघत नाही. करारपत्र काढा आणि तुमचा मूळ पगार किती लिहिलाय ते आजच बघा.